सोलापुरात घर विकायचंय? मग रंगाच्या आधी हे करा

घर विकायचं ठरलं की आपल्याकडे पहिला फोन पेंटरला जातो. मीही तेच केलं होतं. मावशीचं विजापूर रोडकडचं रो हाऊस, वीस-बावीस वर्षांचं, मावशी मुलाकडे राहायला जाणार म्हणून विकायला काढलं आणि सगळी जबाबदारी माझ्यावर आली. बेडरूमची बाथरूमला लागून असलेली भिंत खालून तीन फूट ओलसर होती, पेंटर म्हणाला पुट्टी चढवतो, वर भारीतला रंग मारतो, कळणार पण नाही कुणाला. मारला. जूनमधे दोन मोठे पाऊस झाले आणि एक गिऱ्हाईक आलं, मुलगा, सून आणि त्याचे वडील. मुलगा-सून किचन बघत होते, म्हातारबाबा मात्र सरळ त्या भिंतीजवळ गेले, तळहात टेकवला, अंगठ्याने जरा दाबलं आणि बशीएवढा पोपडा त्यांच्या हातात आला. "रंग चांगला दिलाव ताई, पण भिंत वली हाय की ओ." एवढंच बोलले आणि गेले. नंतर ती भिंत खरवडून नीट करावी लागली, म्हणजे पेंटरचे पैसे दोनदा गेले.

त्या दिवशी मला कळलं की घर बघणारा माणूस आपली आवडनिवड बघायला येत नाही, तो मनात शंका घेऊन येतो आणि प्रत्येक शंकेमागे भाव पाडतो, आणि पाडलेला भाव दुरुस्तीच्या खर्चापेक्षा नेहमी जास्त असतो कारण त्याला खरा खर्च माहीत नसतो, तो भीतीने आकडा धरतो. म्हणून पैसे घालायचे ते त्याची शंका निघेल अशा जागी. आणि सोलापुरातल्या शंका ठरलेल्या आहेत. पाणी किती दिवसाला येतं आणि साठतं किती, उन्हाळ्यात वरची खोली राहण्यासारखी असते का, ओल आणि तडे आहेत का, आणि कागद सरळ आहेत का. बाकी सगळं नंतर.

पहिलं काम: गल्लीचा भाव काढा

एक रुपया खर्च करायच्या आधी तुमच्या गल्लीत, तुमच्याच साइजची घरं गेल्या दोन वर्षांत कितीला गेली ते बघा. एजंट सांगतो तो भाव वेगळा आणि झालेला व्यवहार वेगळा. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमधे नोंदलेल्या दस्तांची इंडेक्स टू, म्हणजे व्यवहाराचा सरकारी गोषवारा, बघता येते, फुकट आहे, जरा चिकाटी लागते पण बघाच. शेजारपाजारच्यांना विचारा. समजा गल्लीत सगळ्यात चांगलं घर चाळीस लाखाला गेलं असेल तर तुम्ही आठ लाख घालून तुमचं घर पन्नासला जाणार नाही, जुळे सोलापूरच्या गल्लीला जुळे सोलापूरचा भाव, शेळगीच्या गल्लीला शेळगीचा. तो वरचा आकडा ही तुमची हद्द, त्याच्या आत राहून खर्च ठरवायचा.

दुसरं: कागद, कारण हीच सगळ्यात स्वस्त सुधारणा

हे घराच्या सुधारणेत कुणी धरत नाही पण मी धरते. खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा किंवा सातबारा, एनए म्हणजे बिगरशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टी-पाणीपट्टीच्या भरलेल्या पावत्या, लाइट बिल तुमच्या नावावर, हे सगळं एका फाइलमधे लावा. वडिलांच्या नावावरून वारसनोंद राहिली असेल तर आधी ती. गुंठेवारीतली जागा, म्हणजे परवानगी न काढता गुंठ्यागुंठ्याने पाडलेला प्लॉट, असेल तर नियमित करून घ्यायचा अर्ज करा, २००१ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पडलेले प्लॉट धरले, तेव्हा तुमची जागा त्यात बसते का हे महापालिकेत जाऊन विचारा.

हे एवढ्यासाठी सांगते की आजचं गिऱ्हाईक बहुतेक लोन काढूनच येतं. तीस लाखापर्यंतच्या लोनला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, त्याच्यावर पंचाहत्तर लाखापर्यंत ८० टक्के, आणि ती किंमत बँकेचा व्हॅल्युअर ठरवतो, तो मंजूर नकाशा हातात घेऊन घर बघतो. तुम्ही गच्चीवर परवानगी न काढता पत्र्याची खोली चढवली असेल तर ती तुमच्या हिशेबात असते, त्याच्या हिशेबात नसते, उलट तिच्यामुळे लोनची फाइल अडकते. म्हणून विकायच्या तोंडावर खोली वाढवू नका. प्लास्टर, रंग, फरशी असल्या आतल्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही, तेवढ्यावरच थांबा.

तिसरं: वही घेऊन घराभोवती फिरा

पाहुण्यासारखं फाटकातून आत या. दुपारी बारानंतर एकदा आणि पाऊस पडून गेल्यावर एकदा. सगळे नळ सोडा, सगळी बटणं दाबा, प्रत्येक दार-खिडकी उघडून लावा, बाथरूममधे बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघा. जे दिसेल ते लिहा, दुरुस्त काही करायचं नाही अजून. आपण रोज राहतो त्यामुळे आपल्याला दिसत नाही, म्हणून सोबत बाहेरचं कुणीतरी घ्या, मी माझ्या जाऊबाईंना नेलं होतं, त्यांनी दहा मिनिटांत सव्वीस गोष्टी काढल्या.

मग त्या यादीची क्रमवारी लावायची ती वरून खाली आणि बाहेरून आत. आधी गच्ची, मग बाहेरच्या भिंती, मग पाइप, मग बाथरूम, मग वायरिंग आणि रंग सगळ्यात शेवटी. नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक इथेच होते, रंग झाल्यावर वायरमन येतो आणि भिंत फोडतो.

गच्ची आणि ओल

इथे जरा सावकाश सांगते कारण निम्मे पैसे इथेच वाचतात किंवा जातात.

सोलापूरचा पाऊस कमी, त्यामुळे आपण वॉटरप्रूफिंगकडे दुर्लक्ष करतो. पण आपल्याकडे एप्रिल-मेमधे पारा ४३-४४ वर जातो, गच्ची दिवसभर तापते, रात्री निवते, त्या रोजच्या ताणाने कोबा बारीक फाटतो आणि मग जूनचा पहिला पाऊस त्या फटीतून आत. टेस्ट सोपी आहे. मे महिन्यात गच्चीची पन्हाळ्याची तोंडं बोळे घालून बंद करा, दाराच्या उंबऱ्याशी सिमेंटचा छोटा बांध घाला, दोन-तीन इंच पाणी भरून दोन दिवस ठेवा आणि खाली छताला कुठे डाग येतो ते खडूने खुणावून ठेवा. पाणी वाया जातंय म्हणून जीव तुटतो हे खरं, बोअरचं पाणी वापरा आणि नंतर झाडांना सोडा.

मग उपाय. उतार आहे का बघा, दहा फुटाला साधारण सव्वा इंच उतार पाहिजे, पाणी एका जागी डबकं करून राहत असेल तर कुठलंही केमिकल टिकत नाही. बारीक तडे असतील तर त्या चिरा रुंद करून, साफ करून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भरायच्या, कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा, म्हणजे गोलाई, काढायची आणि वरून कोटिंगचे दोन हात, एक आडवा एक उभा. जुन्या विटांच्या कोब्यावर अजून एक जाड थर चढवू नका, स्लॅबवर वजन वाढतं, गवंडी सांगेल पण ऐकू नका.

छताची आतली बाजू फुगून सळई दिसत असेल तर त्याच्याखाली पीओपीचं सीलिंग मारून झाकायचा मोह होतो. नका झाकू, कारण तो स्लॅब उद्या कुणाच्या तरी लेकराच्या अंगावर पडेल. सुटलेलं सगळं काँक्रीट ठोकून काढायचं, सळई तारेच्या ब्रशने घासायची, गंज थांबवणारं लावायचं, मग पॉलिमर मॉर्टरने भरायचं. सळई निम्मी खाल्ली असेल तर इंजिनिअरला दाखवा.

भिंतीची ओल वेगळी. ती कुठून येते ते आधी शोधायचं. मावशीच्या घरात ती बाथरूमच्या नाहणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या, बाजूने झिरपत होती, ट्रॅप बदलला, टाइल्सचे सांधे खरवडून इपॉक्सी भरली, मग भिंतीचं प्लास्टर तीन फुटापर्यंत उतरवून महिनाभर उघडी ठेवली, पंखा लावून सुकवली, तेव्हा कुठे नवीन प्लास्टर. महिनाभर थांबणं जिवावर येतं पण त्याला दुसरा इलाज नाही, ओल्या भिंतीवरचा कुठलाही रंग सोडतोच.

पेठेतलं जुनं माळवदाचं घर असेल तर हे सगळं लागू नाही हं, माती-दगडाच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं की ओल आत कोंडते. तिथे गिऱ्हाईक बहुतेक जागेसाठी येतं, घरासाठी नाही, त्यामुळे खर्च न करता फक्त स्वच्छ करून द्या आणि कागदावर जोर ठेवा.

तडे आणि काळी माती

आपल्याकडच्या बऱ्याच कॉलन्या काळ्या मातीच्या रानावर उठल्यात. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, पाया नीट मुरमावर घेतला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे तडे जातात, आणि उन्हाळ्यात रुंद होऊन पावसाळ्यात परत मिटतात. गिऱ्हाईक तडा बघितला की घाबरतंच. तुम्ही हे करा, तड्याच्या दोन्ही टोकाला पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा, मधे काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. सहा महिन्यांत काच फुटली नाही, रेघेपुढे तडा गेला नाही, तर तो जुना निवलेला तडा आहे, भरून टाका. काच फुटली तर मात्र आधी इंजिनिअर.

आणि एक स्वस्तातला उपाय जो मी सगळ्यांना सांगते: घराभोवती तीन फूट रुंदीची फरसबंदी करून घ्या, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, म्हणजे पावसाचं पाणी आणि न्हाणीचं पाणी पायाशी मुरत नाही आणि माती फुगणं-आक्रसणं कमी होतं. भिंतीला चिकटून लावलेली केळ, कर्दळ काढा. शहाबादी फरशीच वापरा, शहाबाद इथून काही लांब नाही, त्यामुळे आपल्याकडे ती मिळते आणि परवडते.

पाणी साठवायची सोय

घर बघायला आलेली बाई स्वयंपाकघराच्या आधी हौदाचं झाकण उचलून बघते, हे मी स्वतः तीनदा बघितलंय. "पाणी किती दिसाला येतंय?" हा पहिला प्रश्न, आणि खोटं सांगून उपयोग नाही, शेजारी विचारलं की कळतं.

हिशेब असा करा. शहरात माणशी रोज १३५ लिटर धरायची पद्धत आहे. पाच माणसं म्हणजे ६७५ लिटर. नळ पाच दिवसांनी आला तर ३,३७५ लिटर साठा पाहिजे. पाच फूट लांब, पाच फूट रुंद, पाच फूट खोल हौदात साधारण साडेतीन हजार लिटर बसतं, म्हणजे तेवढा हौद असेल तर तुम्ही बिनधास्त सांगू शकता की टँकर लागत नाही. हौद छोटा असेल तर नवीन खोदायच्या भानगडीत पडू नका, वर हजार लिटरची एक टाकी वाढवा, पण कॉलम-बीम बघून, स्लॅबच्या मधोमध नको.

हौद असेल तर तो उपसून, घासून, आत पांढऱ्या टाइल्स बसवून घ्या, कमी पैशात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. झाकण घट्ट बसणारं पाहिजे, डेंग्यूच्या भीतीने लोक ते बघतात. फ्लोट व्हॉल्व्ह नवीन टाका, मोटारीचा स्टार्टर आत घ्या. नळाचं आणि बोअरचं पाणी वेगळ्या लायनीने फिरतं हे दाखवता आलं तर उत्तम, प्यायचं एक, वापरायचं एक. कमी जागेत जमत असेल तर गच्चीचं पाणी फिल्टरमधून बोअरला सोडा, पाइप आणि खड्ड्याचंच काम आहे.

ऊन

वरच्या मजल्यावरची खोली मे महिन्यात तव्यासारखी तापते, आणि घर बघणारे लग्नसराईच्या सुट्टीत, म्हणजे नेमके तेव्हाच येतात. गच्चीला चुना लावा. चुनकळी रात्रभर भिजवायची, गाळायची, त्यात फेविकॉल मिसळून सकाळी ऊन चढायच्या आत दोन हात द्यायचे. खाली दोन ते पाच डिग्रीचा फरक पडतो आणि तो पाय ठेवल्याबरोबर जाणवतो. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दर मार्चला लावायचा. वॉटरप्रूफ कोटिंग करणारच असाल तर पांढऱ्या रंगाचंच घ्या, एकाच खर्चात दोन्ही कामं होतात.

पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा नसेल तर पत्र्याचा किंवा काँक्रीटचा छोटा छज्जा काढा. कूलरला खिडकीबाहेर लोखंडी स्टँड, शेजारी पाण्याचा नळ आणि पंधरा अँपिअरचा पॉइंट, ही सोय सोलापुरात एसीपेक्षा जास्त लोकांना भावते.

सोलरचं सगळे विचारतात. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,००० आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून जास्तीला ७८,००० रुपये सबसिडी मिळते, ऊन तर आपल्याकडे भरपूर. पण माझं मत असं की दोन-चार वर्षं तुम्हीच राहणार असाल तर लावा, पुढच्या सहा महिन्यांत विकायचं असेल तर नको, ते पैसे तुमच्या बिलात वसूल होतात, विक्रीच्या भावात पूर्ण निघत नाहीत.

बाथरूम, किचन, फरशी

पूर्ण तोडफोड करू नका. एक बाथरूम चांगलं करा, एक संडास वेस्टर्न करा, कारण आई-वडिलांचे गुडघे हा आता प्रत्येक घराचा विषय आहे. दुसरा देशीच राहू द्या.

बोअरच्या पाण्याने नळांवर आणि टाइल्सवर पांढरी खपली धरते. लोक ॲसिड ओततात आणि तिथेच फसतात, ॲसिडने सांध्यातलं सिमेंट जातं, आणि शहाबादी फरशी तर चुनखडीचीच, तिच्यावर ॲसिड पडलं की फेस येतो आणि कायमचा डाग राहतो. टाइल्सला आणि नळाला लिंबूसत कोमट पाण्यात विरघळवून लावा, अर्ध्या तासाने घासा. नळ फारच खाल्ले असतील तर बदला, चार नळ आणि एक शॉवर म्हणजे काही मोठा खर्च नाही.

शहाबादी फरशी उखडायच्या आधी मशीन पॉलिश करून बघा. उन्हाळ्यात पायाला गार लागते, आणि पॉलिश झाल्यावर तिचा तो निळसर करडा रंग काय सुंदर दिसतो. व्हिट्रिफाइड टाइल्सच पाहिजे असतील तर जुन्या फरशीवरून चिकटवता येतात, पण तळ इंचभर तरी वर येतो, मग प्रत्येक दार खालून तासायला सुतार बोलवावा लागतो आणि बाथरूमचा उंबरा बुडतो, हे आधी मोजा.

किचनमधे मॉड्युलर नको. कडप्प्याचा ओटा चिरला असेल तर वर ग्रॅनाइट, मोठं सिंक, ओट्यामागे दोन फूट टाइल्स, चिमणी नाही तरी एक्झॉस्ट फॅन, बस. ट्रॉल्या नवीन मालकीण तिच्या हिशेबाने करते.

वायरिंग

बोर्ड उघडून बघा. जुना फ्यूज असेल तर एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारं बटण) आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारं) बसवा, एका बेडरूमला एसीसाठी चार स्क्वेअर एमएमची वेगळी वायर ओढा. अर्थिंग तपासून घ्या, आपल्याकडची माती उन्हाळ्यात कोरडीठक्क होते आणि अर्थिंग काम करत नाही, खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं असतं हे कित्येकांना माहीतच नसतं.

आता रंग

भिंत सुकल्यावर. आत फिकट रंग, सगळ्या घरात एकच, हॉलला गडद भिंत आणि मुलांच्या खोलीत कार्टून नको. बाहेरून एक्स्टिरिअर पेंट, खिडकीच्या ग्रिलला आधी रेड ऑक्साइड मग ऑइलपेंट. पैसे कमी पडले तर आतल्या खोल्या राहू द्या पण फाटक, पुढची भिंत आणि मुख्य दार करा, दार सागवानी असेल तर पॉलिश. खिडक्यांना मच्छरजाळी लावा.

पीओपी, वॉलपेपर, महागडी झुंबरं यात घातलेला पैसा परत येत नाही. वास्तूसाठी दार फिरवणं, भिंत पाडणं हेही नको, एकाला पूर्व पाहिजे असते, दुसऱ्याला उत्तर, आणि जुन्या घरात ती भिंत भार घेणारी निघाली तर सगळंच अंगावर येतं.

मजुरीचं: रोजंदारीपेक्षा स्क्वेअर फुटावर ठरवा, माल स्वतः आणा, ॲडव्हान्स थोडा द्या आणि शेवटचे पैसे गच्चीची पाण्याची टेस्ट परत पास झाल्यावरच. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात गवंडी मिळत नाही, तेव्हा काम धरू नका. पितृपक्षात घर बघायला कुणी येत नाही, तो पंधरवडा रंगाला छान, दसऱ्याला घर तयार.

बिलं सगळी जपा, जीएसटीची. नवीन हौद, नवीन बाथरूम, वायरिंग असला भांडवली खर्च घर विकून झालेल्या भांडवली नफ्यातून वजा मिळतो, नुसता रंग आणि किरकोळ दुरुस्ती नाही. दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेलं घर आणि २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) न लावता साडेबारा टक्के कर किंवा लावून वीस टक्के, यातलं तुम्हाला कमी पडेल ते निवडता येतं, सीएकडे बिलांची फाइल घेऊनच जा.

आणि गिऱ्हाइकाला घर दाखवायचं ते सकाळी नऊच्या आसपास, नळ येणार असेल त्याच दिवशी. खिडक्या तासभर आधी उघडा, ओट्यावर काही ठेवू नका. कुठे काय दुरुस्त केलं ते न लपवता सांगा आणि बिल दाखवा. मावशीच्या घराला शेवटी जे गिऱ्हाईक लागलं त्यांना मी ती बेडरूमची भिंत स्वतः दाखवली, प्लास्टर उतरवलेले फोटो मोबाइलवर होतेच, ट्रॅपचं बिल पण दाखवलं. त्या बाईंनी हौदाचं झाकण उचललं, आत वाकून बघितलं, नळाची धार किती आहे ते हात धरून बघितलं, आणि मग नवऱ्याला म्हणाल्या, "वरची खोली बगून येऊ या की." गच्चीवर चुना आदल्याच आठवड्यात लावला होता.